रस्ता ओलांडायचे सहा सेकंद

दुभाजक असलेल्या रस्त्याची एक बाजू साधारण 7 मीटर रुंद असते, म्हणजे साडेतीन-साडेतीन मीटरच्या दोन लेन. धडधाकट माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो. सिग्नलची वेळ बसवतानाही हाच आकडा धरतात. भागाकार केला की उत्तर येतं जेमतेम सहा सेकंद. ताशी 40 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्या वेळात 66 मीटर पुढे येते. रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब बहुतेक ठिकाणी 25 ते 30 मीटरवर असतात. म्हणून उजवीकडून येणारी गाडी तिसऱ्या खांबाच्या पलीकडे असेल तरच पाय उचलायचा. दुसऱ्या खांबापाशी आली असेल तर ती गाडी जाऊ द्यायची. एवढा एक हिशेब डोक्यात बसला तरी पुष्कळ झालं.

दुभाजक नसेल तर गणित एकदम अवघड होतं. 14 मीटरला बारा सेकंद लागतात आणि तेवढ्यात तीच गाडी 130 मीटर कापते. इतक्या लांबच्या गाडीचा वेग उभ्या जागेवरून कुणालाच नीट कळत नाही. समोरून थेट आपल्याकडे येणारी वस्तू डोळ्याला बराच वेळ नुसती लहान ठिपक्यासारखी दिसत राहते आणि अगदी जवळ आल्यावर एकदम मोठी होते. त्यामुळे माणसं वेग न बघता अंतर बघून निघतात: गाडी लांब आहे ना, मग चला. ताशी 30 ची रिक्षा आणि ताशी 70 ची मोटार सारख्याच लांब असल्या तरी एकीत आपल्याला वेळ मिळतो, दुसरीत मिळत नाही.

वयस्कर माणसाचा वेग सेकंदाला 0.8 मीटर धरा. त्यांना 7 मीटरला नऊ सेकंद आणि 14 मीटरला सतरा-अठरा सेकंद लागतात. शिवाय रस्ता खडबडीत असला की त्यांची नजर पायाखाली असते, गाड्यांकडे नसते. गुडघे दुखणाऱ्या आजींना ‘चला, चला लवकर’ म्हणून ओढणारी माणसं हा हिशेब विसरतात. ओढल्याने आजींचा वेग वाढत नाही, तोल मात्र जातो. त्यांच्यासाठी जास्त मोठी फट पडेपर्यंत थांबायचं, हाच उपाय.

हा विषय जगभर किती मोठा आहे ते थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार दरवर्षी सुमारे 11.9 लाख माणसं रस्त्यावर मरतात. त्यातली 92 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत मरतात, आणि एकूण मृतांत पायी चालणारे 23 टक्के असतात. भारतात 2022 मध्ये 32,825 पादचारी गेले. म्हणजे रोज नव्वद माणसं.

आता कोल्हापूर. आपल्या पेठांचे रस्ते माणसांच्या, घोड्यांच्या आणि बैलगाड्यांच्या मापाने झालेले आहेत. महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरीच्या आसपास गर्दी इतकी असते की गाड्या सरकतच असतात. धक्का लागतो, पायावरून चाक जातं, भांडण होतं. पण वेग कमी असल्याने जिवावर बेतण्याची शक्यताही कमी असते. खरी भीती रुंद आणि मोकळ्या रस्त्यांची: ताराराणी चौकातून तावडे हॉटेलकडे, सायबर चौकातून विद्यापीठाकडे, फुलेवाडीचा रिंगरोड, गगनबावडा रोड, रत्नागिरी रोड. रस्ता चांगला झाला म्हणून आपण सगळे खूश होतो, पण तो रुंद झाला की ओलांडणाऱ्याचे सेकंद वाढतात आणि गुळगुळीत झाला की गाडीचा वेग वाढतो. दोन्हीकडून नुकसान पायी माणसाचंच.

वेगाचं नुकसान किती ते आकड्यांतच बघायला हवं. चालकाला माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय दाबेपर्यंत दीड सेकंद जातो. रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील तर ताशी 30 ची गाडी एकूण 17-18 मीटरमध्ये थांबते. ताशी 50 च्या गाडीला 35 मीटर लागतात. या 35 पैकी पहिले 21 मीटर नुसते दचकण्यात गेलेले असतात. याचा अर्थ असा की ताशी 30 ची गाडी जिथे पूर्ण उभी राहिलेली असते, तिथे ताशी 50 च्या गाडीने अजून ब्रेकच लावलेला नसतो. ती पूर्ण वेगाने धडकते. रस्ता ओला असेल तर 50 ला 45 मीटर धरा. वीस किलोमीटरच्या फरकाने काय होतंय असं म्हणणाऱ्याला हे एकदा कागदावर मांडून दाखवावं.

यातूनच आपल्याकडच्या ‘हात दाखवून जाणं’ या सवयीचं उत्तर मिळतं. तळहात पुढे करून गाड्या थांबवत ओलांडायची रीत मिरजकर तिकटीला चालते, कारण तिथे गाडी ताशी 20 ने येत असते आणि दहा-अकरा मीटरमध्ये थांबू शकते. तोच हात रिंगरोडवर ताशी 60 च्या मोटारीला दाखवला तर चालकाची इच्छा असूनही गाडी थांबत नाही. सवय तीच आणि आत्मविश्वासही तोच असतो, रस्ता मात्र वेगळा. पेठेत वाढलेली माणसं उपनगरात राहायला गेली की नेमकी इथे फसतात.

तिकटीचं आणखी एक आहे. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, माळकर तिकटी: तीन रस्ते मिळतात तिथे डावीकडे वळणारा चालक मान उजवीकडे करून बसलेला असतो, कारण त्याला उजवीकडून येणाऱ्या गाड्या चुकवायच्या असतात. आपण उभे असतो त्याच्या डाव्या हाताला. तो आपल्याला बघतच नाही, बघायच्या आत वळलेला असतो. मोटार असेल तर समोरच्या काचेच्या कडेचा खांब आणखी घात करतो. गाडी वळत असताना आपण आपल्या चालीने पुढे जात असतो, आणि चालकाच्या डोळ्यासमोर आपण व तो खांब एकाच रेषेत सरकत राहतो. दोन-तीन सेकंद अख्खा माणूस त्या चार बोटांच्या खांबामागे झाकलेला राहतो.

म्हणून कोपऱ्याच्या अगदी टोकावरून ओलांडू नका. वळणाच्या आत, दोन मोटारींच्या लांबीइतकं अंतर सोडून ओलांडा. तिथे वळलेली गाडी सरळ झालेली असते, रस्त्याचं तोंड कोपऱ्यापेक्षा अरुंद असतं आणि गाडी आपल्याला तोंडासमोर दिसते. दुसरं, गाडीकडे बघू नका, चालकाच्या तोंडाकडे बघा. त्याची नजर तुमच्यावर आली, मान किंचित हलली, गाडीचं नाक ब्रेकने खाली दबलं, म्हणजे त्याने पाहिलं. काचेतून तोंडच दिसत नसेल तर त्यानेही तुम्हाला पाहिलेलं नाही असं धरून चाला.

आता फोन. फोनमुळे लक्ष जातं हे सगळेच सांगतात, पण नेमकं काय जातं ते कुणी सांगत नाही. मेसेज वाचायला तीन सेकंद लागतात. चालत्या माणसाचे तीन सेकंद म्हणजे 3.6 मीटर, एक पूर्ण लेन. त्या तीन सेकंदांत ताशी 40 ची गाडी 33 मीटर पुढे आलेली असते, म्हणजे मघाशी तिसऱ्या खांबापाशी होती ती आता दुसऱ्याच्या अलीकडे आहे. वर बघितलं तेव्हा जे चित्र डोळ्यांत घेतलं होतं ते शिळं झालं, आणि आपण अजून त्याच चित्रावर चालतोय.

बोलताना आणखी वेगळं होतं. बहुतेकांच्या उजव्या हातात फोन असतो आणि तो उजव्या कानाला लागतो. कोपर वर, हात गालाशी. आपल्या देशात रस्त्याच्या कडेवरून पाय टाकताना पहिली गाडी येते ती उजवीकडूनच. ज्या बाजूला बघायचं तीच बाजू हाताने झाकलेली, आणि ज्या कानाने ऐकायचं तोच कान फोनला दिलेला. मान वळते तरी नजर हातावरच अडते. मोकळ्या हाताने माणूस खांदा वळवून बघतो, फोनवर बोलणारा नुसते डोळे फिरवतो. डोळे फिरवून जेवढं दिसतं तेवढ्यात कडेने येणारी दुचाकी बसत नाही.

कानात इअरफोन असतील तर इलेक्ट्रिक स्कूटर कळतच नाही. पेट्रोलच्या गाडीचा आवाज पाठीमागूनही सांगतो की कुणीतरी येतंय. विजेची गाडी अंगावर येईपर्यंत फक्त टायरची सळसळ करते, आणि ती बाजाराच्या गलक्यात ऐकू येत नाही. दोन्ही कानांतले काढायचं जिवावर येत असेल तर निदान उजव्या कानातला काढा.

उपाय साधा आहे. कडेला आल्यावर पलीकडच्या माणसाला सांगा, ‘थांब, रस्ता ओलांडतोय, परत लावतो.’ आणि फोन खरोखर ठेवा. नुसता खिशात टाकून बोलणं चालू ठेवलं तर हात मोकळा होतो, डोकं मोकळं होत नाही. फोन ठेवल्यावरही लगेच निघू नका. बोलणं संपलं तरी मन दोन-चार सेकंद तिकडेच असतं. तेवढ्यात एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे बघून होतं. डावीकडे बघायला एकेरी रस्त्यावरही विसरायचं नाही. वळसा नको म्हणून उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाक्या कोल्हापूरला नव्या नाहीत, आणि त्या कडेलगतच येतात, जिथे आपण उभे असतो.

लक्ष विचलित होणं म्हणजे फक्त फोन, असंही नाही. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, डोक्यावर ओझं, पुढे गेलेल्या नातेवाइकांना गाठायची घाई, दर्शनाची ओढ. दसरा चौकात गाडी लावून अंबाबाईच्या देवळाकडे चालत जाणारं बाहेरगावचं कुटुंब बघा. एकाची नजर फोनच्या नकाशावर असते, दुसरा पोरांना मोजतोय, तिसरी चपला कुठे काढायच्या विचारतेय, आणि सगळे मिळून एका माणसाच्या भरवशावर रस्त्यात उतरलेले असतात. तो पुढे गेला म्हणून बाकीचे निघतात. पण त्याने बघितलेली फट त्याच्यापुरती होती. पाच माणसं एकामागे एक, दीड-दीड मीटर अंतर ठेवून निघाली तर शेवटचा माणूस पाच सेकंद उशिरा रस्त्यात उतरतो, आणि सहा सेकंदांच्या हिशेबात पाच सेकंद म्हणजे जवळपास सगळेच. कुटुंबाने रांगेत न जाता एका ओळीत, खांद्याला खांदा लावून ओलांडावं. सगळ्यांचे सेकंद एकदमच सुरू होतात आणि एकदमच संपतात. शिवाय चालकालाही अख्खी ओळ लांबून दिसते.

रस्त्यात उतरल्यावर मधूनच मागे फिरू नका. याचं कारण आपल्या दुचाकीस्वाराच्या सवयीत आहे. तो थांबत नाही, तो तुमच्या चालीचा अंदाज घेऊन तुमच्या पाठीमागून निघायचं ठरवतो. तुम्ही घाबरून एक पाऊल मागे आलात की त्याने धरलेल्या वाटेवरच येता. पळणंही तसंच वाईट: त्याचा अंदाज चुकतो आणि तुमचा पाय घसरला तर वेळच उरत नाही. एकसारख्या चालीने, मान त्याच्याकडे ठेवून पुढे जायचं. थांबावंच लागलं तर जागच्या जागी, सरळ उभं राहायचं.

केएमटी म्हणजे शहर बस, एसटी किंवा वडाप म्हणजे सीटवर भाडं घेणारी जीप, यातून उतरल्यावर गाडीच्या पुढून ओलांडणं हा आपल्याकडचा सगळ्यात सर्रास चुकीचा प्रकार. बसचालक हात करून ‘जा’ म्हणतो, आणि तो चांगल्या मनानेच म्हणतो. पण बसच्या उजव्या बाजूने मागून येणारा तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही त्याला दिसत नाही. बस गेल्यावर ओलांडा. अर्धं मिनिट जातं, पण दोन्ही बाजू उघड्या होतात. थांबलेल्या गाडीच्या पुढून जावंच लागलं तर तिच्या उजव्या बंपरच्या कोपऱ्यापाशी थांबा, डोकं बाहेर काढून बघा आणि मग पुढचं पाऊल टाका. एका लेनमधली गाडी थांबली म्हणजे दुसरीतली थांबेल असं कधीच धरू नका. उंच केबिनच्या ट्रकपुढून तर अजिबात चिकटून जाऊ नये. चालकाला नाकासमोरचे दीड-दोन मीटर दिसत नाहीत, आणि त्या पट्ट्यात वाकलेला माणूस किंवा लहान मूल पूर्ण गायब होतं.

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रस्त्याचं रूपच बदलतं. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या असतात आणि ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे सगळं वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. ट्रॅक्टर हळू चालतो म्हणून माणसं त्याच्यापुढून बिनधास्त घुसतात. हळू चालणं वेगळं आणि लवकर थांबणं वेगळं. दुसरी गोष्ट वळणाची. ट्रॅक्टर वळतो त्या रेषेवरून ट्रॉली वळत नाही, ती आत कापते, आणि मागची ट्रॉली पुढचीपेक्षाही जास्त कापते. कोपऱ्यावर उभ्या माणसाला वाटतं ट्रॅक्टर गेला, आता मोकळं. दुसऱ्या ट्रॉलीचं चाक मात्र फुटपाथच्या कडेला घासत येतं. अशा वळणावर कडेपासून दोन मीटर मागे उभं राहा. ट्रॉलीच्या बाहेर आलेले ऊस डोळ्याच्या उंचीला असतात, तेही धरा. आणि दोन ट्रॉल्यांच्या मधून, गाडी सिग्नलला उभी असली तरी, कधीही जाऊ नका. मधला दांडा संध्याकाळी दिसत नाही आणि गाडी हलली तर चालकाला पत्ताही लागत नाही.

पावसाळ्यात छत्री आणि रेनकोटकडे लक्ष द्या. वाऱ्याच्या दिशेने छत्री पुढे झुकवली की समोरचं आणि बाजूचं दिसेनासं होतं. कडेला आल्यावर ती मागे टेकवायची, भिजलं तर भिजू द्यायचं. रेनकोटची टोपी तर फसवीच: मान वळवली तरी टोपी जागेवर राहते आणि आपण टोपीच्या आतल्या बाजूकडे बघतो. टोपी मागे सारा, नाहीतर खांद्यासकट वळून बघा. ओल्या रस्त्यावर पांढरे पट्टे निसरडे होतात, त्यामुळे झेब्रावर अचानक ब्रेक मारणारी दुचाकी घसरत तुमच्यापर्यंत येऊ शकते. पाणी भरलेला खड्डा दिसला की स्वार शेवटच्या क्षणी कडेला वळतो हेही ध्यानात ठेवा.

रात्रीचं एकच माप लक्षात ठेवा. खाली केलेल्या हेडलाइटमध्ये गडद कपड्यांतला माणूस 25-30 मीटरवरच दिसतो. ताशी 50 च्या गाडीला थांबायला 35 लागतात, हे वर आलंच आहे. प्रकाश परतवणारी पट्टी मात्र शंभर मीटरच्या पलीकडूनही चमकते. आपल्याकडे ती नंबरप्लेटवाल्यांकडे ‘रेडियम’ म्हणून मिळते. घेताना एक चाचणी करा. नुसत्या रंगीत स्टिकरलाही रेडियम म्हणून विकतात, म्हणून दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पट्टी धरायला सांगा, दहा पावलं मागे जा, फोनचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून तिच्यावर पाडा. झगझगीत पांढरी उजळली तर खरी. 5 सेंटिमीटर रुंदीची पट्टी दोन्ही घोट्यांभोवती बसेल अशी कापडी पट्ट्यावर चिकटवा. छातीपेक्षा घोट्यावर का? पाय हलतात, आणि वर-खाली हलणारे दोन ठिपके बघितले की चालकाचा मेंदू लगेच ‘माणूस’ म्हणून ओळखतो. पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी, चैत्रात जोतिबाला किंवा आषाढीला नंदवाळला चालत निघणाऱ्यांनी एवढं तरी करावं. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरच्या गाड्यांकडे तोंड करून चालावं. दिंडीत सर्वांत पुढे आणि सर्वांत मागे चालणाऱ्याच्या हातात बॅटरी द्यावी.

मुलांबद्दल थोडं सावकाश सांगतो. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर जुळवता येत नाही, कितीही हुशार असलं तरी. उभ्या केलेल्या मोटारीमागून त्याला काही दिसत नाही आणि ते कुणाला दिसत नाही. हात धरताना बोटं धरू नका, मनगट धरा; बोटं हिसका दिला की सुटतात. मूल गाड्यांच्या विरुद्ध बाजूला ठेवा, आणि दुभाजकावर पोचल्यावर हात बदला. पहिल्या अर्ध्यात गाड्या उजवीकडून येतात म्हणून मूल तुमच्या डाव्या हाताला. दुसऱ्या अर्ध्यात गाड्या डावीकडून येतात, तेव्हा मूल उजव्या हाताला.

शाळा सुटताना पालक रस्त्याच्या पलीकडे दुचाकी लावतात आणि तिथूनच हाक मारतात, ‘बाळा, इकडे ये!’ मुलाला तेव्हा फक्त आई दिसते, रस्ता दिसत नाही. पालकांना हात जोडून सांगणं आहे: हाक मारू नका. स्वतः ओलांडून फाटकापाशी जा. ज्या बाजूला शाळा त्याच बाजूला गाडी लावता आली तर त्याहून चांगलं.

आता रस्त्याच्या बाजूने काय करता येतं ते बघू, कारण सगळा भार पायी चालणाऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मधल्या विसाव्याच्या जागेचा. 14 मीटरच्या रस्त्यात मध्ये निदान 1.2 मीटर रुंद, शक्यतो 2 मीटरचा उंचवटा आणि दोन्ही टोकांना मजबूत खांब दिले, की बारा सेकंदांचं ओलांडणं सहा-सहा सेकंदांच्या दोन सोप्या भागांत तुटतं आणि एका वेळी एकाच बाजूला बघावं लागतं. दुभाजकात झाडं लावायची असतील तर ओलांडायच्या जागेच्या आसपास ती गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नयेत, नाहीतर शाळकरी पोर त्यामागे झाकलं जातं.

गतिरोधक आपल्याकडे हौसेने घालतात, पण मापात घालत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितला आहे, ताशी 25 किलोमीटरने गाडी जाईल असा. गल्लोगल्ली दिसतो तो मीटरभर रुंदीचा टोकदार उंचवटा. त्यावर गाडी आपटते म्हणून दुचाकीस्वार गटारीच्या कडेला सोडलेल्या फटीतून वळसा घेतो. नेमकं तिथूनच माणूस चाललेला असतो. वेग कमी करायला घातलेल्या गोष्टीने गाडी पादचाऱ्याच्या अंगावर ढकलली जाते. गतिरोधक कडेपर्यंत पूर्ण हवा, आणि पाण्यासाठी खालून पाइप टाकावा.

फुटपाथचंही तसंच. कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त झाली की वयस्कर माणूस चढत नाही, तो रस्त्यानेच चालतो. मध्ये विजेची पेटी, उघडं चेंबर, लावलेल्या दुचाक्या आल्या की तरुणही उतरतात. आणि सिग्नलला पायी माणसाला चाळीस-पन्नास सेकंद ताटकळत ठेवलं तर तो लाल दिव्यात निघणारच. त्याला बेशिस्त म्हणण्याआधी त्याला किती थांबवलंय ते मोजावं. हिरव्याची वेळ किती हवी याचंही सूत्र आहे: सुरुवातीचे 7 सेकंद, अधिक रस्त्याची रुंदी भागिले 1.2. चौदा मीटरला 19 सेकंद येतात. तुमच्या चौकात किती मिळतात ते घड्याळ लावून बघा.

धडक झालीच तर 108 ला फोन करा. माणसाला ओढून उभं करू नका, मान हलवू नका, पाणी पाजू नका. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ चं संरक्षण आहे, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने बाजूला होऊ नका. चालक पळून गेला आणि गाडी सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार रुपये भरपाई मिळण्याची तरतूद 1 एप्रिल 2022 पासून लागू आहे. बऱ्याच कुटुंबांना हे माहीतच नसतं, म्हणून इथे लिहिलं.

तुमच्या भागात झेब्रा किंवा सिग्नल हवा असेल तर नुसता अर्ज देऊ नका, मोजणी जोडा. पद्धत सोपी आहे. गर्दीच्या एका तासात त्या जागेवरून ओलांडणारी माणसं मोजा. त्याच तासात दोन्ही दिशांच्या सगळ्या गाड्या मोजा. गाड्यांच्या आकड्याचा वर्ग करा आणि माणसांच्या आकड्याने गुणा. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर उत्तर 10 कोटींच्या वर, दुभाजक असलेल्यावर 20 कोटींच्या वर गेलं की तिथे ओलांडण्याची सोय करायला हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शक सूत्र सांगतं. उदाहरणार्थ, 400 माणसं आणि 600 गाड्या: 600 चा वर्ग 3 लाख 60 हजार, गुणिले 400 म्हणजे 14 कोटी 40 लाख. दुभाजक नसेल तर अर्जाला आधार झाला.

मोजायला दोन माणसं लागतात, एक माणसांना आणि एक गाड्यांना. दर पाच मिनिटांनी कागदावर आकडा उतरवा, नाहीतर घोळ होतो. सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळी एकदा, संध्याकाळी बाजाराच्या वेळी एकदा, असे दोन तास मोजा. नवरात्र किंवा जत्रेचा दिवस घेऊ नका, ‘तो दिवसच वेगळा होता’ असं उत्तर मिळतं. टेपने रस्त्याची रुंदी मोजून लिहा, वयस्कर आणि शाळकरी मुलं वेगळी मोजली असतील तर तेही लिहा. रस्ता महापालिकेचा असेल तर अर्ज शहर अभियंत्यांकडे, सार्वजनिक बांधकाम खात्याचा असेल तर त्यांच्याकडे, राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग विभागाकडे. एक प्रत शहर वाहतूक शाखेला आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयातल्या रस्ता सुरक्षा समितीला. पोहोच घ्या. आणि पट्टे मारायला गाडी आली की कुणीतरी तिथे उभं राहा, कारण पट्टे बहुतेकदा खांबावरच्या दिव्यापासून लांब, अंधारातच पडतात. दिवा कुठे आहे ते त्यांना बोटाने दाखवावं लागतं.